आपोआप फाटक

आमच्या मळ्याच्या तोंडाशी एक फाटक होतं. गाव त्याला 'आपोआप' म्हणायचं. 'आपोआपजवळ थांब', 'आपोआपच्या पुढे उतर', असा तो एक पत्ताच झाला होता. फाटक मी केलेलं, तेव्हा हे ऐकून माझी कॉलर ताठ व्हायला हवी होती. पण खरं सांगतो, ते उभं होतं तोवर मला एक दिवस धड जेवण गेलं नाही.

एकोणीसशे साठच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हा नंदुरबार हा काही जिल्हा नव्हता. आमची कचेरीची कामं धुळ्याला, बाजार म्हसावदला, आणि कमवायचं असेल तर माणूस गाडीत बसून सुरतेला जायचा. मीही गेलो होतो. तिथून जवळच, समुद्राच्या काठाला व्यापाऱ्यांचे बंगले होते, आणि काही बंगल्यांना आपोआप उघडणारी फाटकं. विजेचं वगैरे काही नाही. मोटारीचं चाक एका फळीवर चढलं की आतली तार ओढली जायची, खिटी सुटायची आणि वजनाच्या जोरावर फाटक उघडायचं. ही फाटकं दुरुस्त करणाऱ्या मिस्तरीकडे मी होतो. काम कधी संपायचंच नाही. समुद्राच्या हवेत लोखंड टिकत नाही. आपल्याकडे लोखंड पावसात लाल होतं, पुसलं की जातं. तिथे ते आतून फुगतं, खारी बिस्किटासारखे त्याचे पदर सुटतात आणि पदरांच्या कडेला पांढरी रेघ दिसते. ती रेघ दिसली की मिस्तरी म्हणायचा, आता ह्या लोखंडाचा भरवसा धरू नको, वरून कितीही धडधाकट दिसो. एक शेठ तर आम्हाला बघितलं की हसायचा. म्हणायचा, आपोआप उघडणारं फाटक घेतलं, ते आपोआप बिघडणारं निघालं.

मग घरून निरोप आला की दादाचा हात गेला.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आमच्या मळ्यात गुऱ्हाळ चालायचं. उसाच्या चरकात कांडं सरकवताना त्याचा उजवा हात आत ओढला गेला आणि कोपरापासून गेला. मला सुटून यायला काही महिने लागले, तोवर जखम भरली होती, पण माणूस खाटेवरून उठत नव्हता. हात नाही म्हणून नव्हे. डाव्या हाताने तो जेवायला शिकला, कासरा धरायला शिकला, बैलगाडीही हाकायला लागला होता. अडलं ते फाटकापाशी. आमच्या मळ्याला तेव्हा काट्याकुट्यांचं जड झापं होतं. ते ओढून बाजूला करायचं, गाडी बाहेर काढायची आणि मोकाट गुरं उसात शिरू नयेत म्हणून पुन्हा लावायचं. दोन हातांच्या माणसाला हे काहीच नाही. दादा खाली उतरला, झाप्याला हात घातला, तेवढ्यात बैल पुढे निघाले. त्याने कासरा सोडला नाही आणि बैलांनी त्याला फरपटत नेलं. तेव्हापासून मायने फर्मान काढलं, एकट्याने गाडी काढायची नाही, फाटक उघडायला कोणी तरी बरोबर पाहिजे.

दादाने गाडीच सोडली. मी समजूत घालायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "फाटक उघडाले दुसरा माणूस लागस, मंग मी कसाना माणूस?"

ह्या एका वाक्यासाठी मी सुरतेला परत गेलो नाही.

फाटक मी साधंच केलं. एक लांब लोखंडी दांडा, रस्त्यावर आडवा. त्याला खाली जाळी, गुरं वाकून जाऊ नयेत म्हणून. एका खांबावर दांड्याचा आस, आणि आखूड टोकाला दगडांनी भरलेली सागाची पेटी, साखळीने टांगलेली. साखळी मी पेटीच्या बुडाखालून वेढा देऊन घेतली होती, म्हणजे फळ्या कुजल्या तरी पेटी सुटणार नाही. गाडीचं चाक फळीवर आलं की खिटी सुटायची, पेटी खाली जायची आणि दांडा वर. पलीकडे गेल्यावर हाताला लागेल अशी एक दोरी होती. ती ओढली की दांडा खाली येऊन खिटीत बसायचा. धप्प असा आवाज यायचा. सगळं एका हाताचं काम.

दादा पहिल्या दिवशी त्या फाटकातून उगीचच आत-बाहेर करत राहिला. बैल कंटाळले, पण हा कंटाळेना. वहिनी ओट्यावर उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मी पुष्कळ दिवसांनी तिला हसताना बघितलं आणि मलाही फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून दादा म्हसावदच्या बाजाराला एकटा जायला लागला.

माय मात्र हसली नाही. तिला ते फाटक पहिल्यापासून खुपत होतं. ती मला म्हणाली, "लोखंडनी एक हात खादा. आते त्यानाच खालतून जाय, आसं सांगस तू."

मी चिडलो. माझा स्वभावच तसा, कुणी माझ्या कामाला नाव ठेवलं की मिरची लागते. म्हणालो, ते लोखंड वेगळं, हे वेगळं.  पण दादाची गाडी निघाली की हातातलं काम टाकून ती ओट्याच्या खांबाला धरून उभी राहायची आणि धप्प आवाज आला की आत जायची.

पहिला पावसाळा नीट गेला. दुसऱ्या पावसाळ्यात मी साखळीला ग्रीस लावायला गेलो, तर एका कडीवर पदर सुटलेले. पदराच्या कडेला पांढरी रेघ.

 ही रेघ मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण ती इथे कशी? समुद्र कुठे, आमचं गाव कुठे? एका बाजूला तापी, दुसऱ्या बाजूला सातपुडा. विहिरीचं पाणी चाखून बघितलं, गोड. दगडांना खार सुटला असेल म्हणून पेटीतल्या दगडांवर वरूनच पाण्याच्या घागरी ओतल्या. साखळीच्या वरच्या, हाताला येणाऱ्या कड्या बदलल्या. काही महिने बरे गेले आणि पाऊस सुरू झाला की पुन्हा तेच. एकदा तर वाटलं, सुरतेहून आणलेल्या माझ्या हत्यारांनाच तो रोग असावा. म्हणून हत्यारंसुद्धा रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. गावात हसू झालं, की ह्याने येताना समुद्रही बरोबर आणला. पारावर बसलेले म्हातारे मला बघून म्हणायचे, "सुरतथीन समुद्र बी लई उना का रे?"

ते हसत होते, आणि मला दिसत होता दांडा. आसावरून काढून नुसता धरला तरी दोन माणसांना उचलायला जड. तो वर असतो तेव्हा त्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट, टोकाला लटकलेली पेटी. साखळी तुटली तर पेटी खाली आणि दांडाही खाली. त्या वेळी त्याच्याखाली कोण असणार? दादाच असणार. तो उभ्याने गाडी हाकायचा, उभं राहिलं की एका हाताने कासरा नीट ओढता येतो म्हणून.

फाटक काढून टाकायचं, हा सोपा उपाय होता. एकदा मी ते दादाजवळ बोललोही. तो गोठ्यात बैलांना पेंड घालत होता. थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काढ. मंग मन्ही खाट बी आंगनमा टाकी दे." पुन्हा मी तो विषय काढला नाही.

म्हणून मी पहारा करायला लागलो. दादाच्या गाडीची चाकं वाजली की माझा घास हातात राहायचा. नांगर चालू असला तर बैल थांबवायचो. धप्प आवाज आला की पुन्हा सुरू. बाहेर जाताना एकदा, येताना एकदा. लग्नाला परगावी गेलो तरी संध्याकाळच्या सुमारास कान त्या दिशेला. माझ्या लक्षातही आलं नाही की ओट्यावर खांब धरून उभ्या राहणाऱ्या मायमध्ये आणि माझ्यात काही फरक उरलेला नाही.

आणि मग भादव्यात ते झालंच. दुपारची वेळ, सकाळपासून झिमझिम चालू होती. दादा बाजारातून पेंडीची पोती घेऊन येत होता. मी उसात होतो. चाकं वाजली, मी थांबलो. खिटी सुटल्याचा खट्ट आवाज आला. त्यानंतर धप्प यायचा, तो आला नाही. आला तो दगड कोसळल्याचा आवाज, आणि बैलांचं हंबरणं.

मी कसा धावलो मला आठवत नाही. उसाच्या पात्यांनी तोंड कापलं होतं, ते नंतर वहिनीने दाखवलं तेव्हा कळलं. पोचलो तर पेटी फुटून दगड विखुरलेले, आणि दांडा गाडीच्या मागच्या भागावर आडवा. पेंडीचं पोतं फाटून पेंड चिखलात. दादा हिसक्याने पुढे धुरीवर बसलेला, पाय टेकवून, डाव्या हाताला कासऱ्याचे वेढे, बैलांना चुचकारत. दांडा त्याच्या पाठीमागे पडला होता. बैल जरा आळसावले असते तर डोक्यावर पडला असता.

 त्याने मान वळवून दांडा बघितला, मला बघितलं, आणि म्हणाला, "एकच हात ऱ्हायना, तोबी लेवाना इचार शे का तुन्हा?"

तो हसत होता. मी तिथेच चिखलात बसलो आणि रडलो. मोठा माणूस रडताना बघून बैलही गप्प झाले असावेत.

गाडी घरी गेल्यावर मी फुटलेल्या पेटीपाशी एकटा राहिलो. तुटलेली साखळी उचलली. वरच्या कड्या ठीक होत्या, माझ्या ग्रीसने काळ्याभोर. तुटली होती ती पेटीच्या बुडाखाली, जिथे वेढा होता, जिथे माझा हात आणि डोळा नीट पोचत नव्हता. तिथल्या कड्या खाऊन सुईएवढ्या झालेल्या. आणि बुडाच्या फळीवर पांढरा थर. मी बोट लावून जिभेवर ठेवलं.

मीठ. साधं, घरातलं, खडे मीठ.

फळ्यांच्या फटीत आणखी काही अडकलं होतं. मी काडीने उकरलं. काळपट झालेल्या मोहऱ्या, आणि सुक्या लाल मिरचीचे देठ. एक नाही, पुष्कळ.

आमच्याकडच्या कुठल्याही माणसाला ह्यापुढे काही सांगावं लागत नाही. मीठ, मोहऱ्या आणि मिरची एका मुठीत कशासाठी येतात, हे रांगतं पोरही जाणतं. त्याच्यावरूनच तर ती ओवाळलेली असते.

मी संतापाने घराकडे निघालो. काय काय बोलायचं ते जुळवत निघालो. ओट्यावर वहिनी होती. मी तुटकी साखळी तिच्यापुढे धरली, मोहऱ्या दाखवल्या. ती पांढरी पडली. हळू आवाजात तिने सगळं सांगितलं. माय दर अमावास्येला तिन्हीसांजेला फाटकावर जायची. फाटकाची दृष्ट काढायची. दादाची काढायची सोय नव्हती. हात गेल्यानंतर त्याने घरात बजावलं होतं की माझ्यावरून काही ओवाळायचं नाही, मी काही नवं वासरू नाही. चुलीत टाकलं तर मिरच्यांचा ठसका आणि मोहऱ्यांचं तडतडणं त्याला कळणार. बाहेर रस्त्यावर टाकायचं तर मीठ येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली येणार. मीठ पायदळी गेलं तर देवाच्या दारी ते पापण्यांनी वेचावं लागतं, असं माय आम्हाला लहानपणापासून सांगत आली होती. मग तिने जागा शोधली. कुणाचा पाय लागणार नाही अशी, आणि लोखंडाचं लोखंडाला परत जाईल अशी. दांडा खाली असला की पेटी तिच्या छातीएवढी उंच लटकलेली असायची. दगडांच्या फटीत ती मूठ रिकामी करायची आणि हात जोडून परत यायची.

मीठ पावसाळी हवेतलं पाणी ओढून घ्यायचं, विरघळायचं, बुडाशी झिरपायचं आणि साखळी खायचं. मला समुद्र सापडत नव्हता, आणि तो आमच्या स्वयंपाकघरातल्या बरणीत होता.

मी आत गेलो. माय चुलीपुढे बसून तांदूळ निवडत होती. म्हणजे सूप समोर होतं. खडा आणि तांदूळ दोन्ही ती एकाच बाजूला टाकत होती. मी जे जे जुळवून आणलं होतं त्यातला एक शब्दही बोललो नाही. पाणी प्यायलो आणि बाहेर आलो.

दादाला गोठ्यात जाऊन सांगितलं. त्याने साखळीची ती कडी डाव्या हातात घेतली, बराच वेळ बोटांत फिरवली. म्हणाला, "मायले सांगू नको. ती मरी जाई." मग ती कडी त्याने उकिरड्याच्या पलीकडे, जितकी लांब जाईल तितकी भिरकावली.

आम्ही कुणी काही सांगितलं नाही. मी नवी पेटी केली. ह्या वेळी साखळ्या दोन घातल्या, एक तुटली तर दुसरी धरेल अशा, आणि दोन्ही वरून, डोळ्यांसमोर. पेटीवर पत्र्याचं झाकण ठोकलं. माय विचारील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं, की पावसाचं पाणी आत जातं. तिने विचारलं नाही.

सर्वपित्री अमावास्येला मी मुद्दाम उसाच्या कडेला थांबलो. तिन्हीसांज झाली तशी ती आली, डोक्यावरून पदर, उजवी मूठ मिटलेली. फाटकापुढे उभी राहून तिने ओठातल्या ओठात पुटपुटत मूठ वरखाली फिरवली. मग पेटीपाशी गेली. हात उचलला आणि पत्र्याला लागला. तिने झाकण चाचपलं, कडेकडेने, खिळ्यांवरून. तिथे ती इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं जाऊन काही तरी बोलावं.  शेवटी ती मूठ तशीच मिटून घराकडे वळली. मला वाटलं, चला, मिटलं. पत्र्याचं झाकण आहे, पावसाचं पाणी जातं, म्हातारीला पटलं. स्वतःच्या हुशारीवर मी जरा खूशही झालो.

थंडी पडली. वांगी आली. आमच्याकडे थंडीतलं भरीत म्हणजे सण. त्या दिवशी वहिनीने वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचली होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. दादा बाजाराला गेलेला. मी आणि माय जेवायला बसलो. वहिनीने मला भरीत वाढलं आणि मायला वाढायला दुसरं लहान भांडं घेतलं. मी म्हटलं, ते काय वेगळं? वहिनी चुलीकडे वळली. मी हात लांब करून मायच्या ताटातलं भरीत बोटाने चाखलं.

अळणी. भाकरीही अळणी.

"कव्हापासून?" मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, पेटी फुटली त्या दिवसापासून. दादाला ठाऊक नाही, तो यायच्या आत ती जेवून घेते.

म्हणजे आम्ही न सांगताच तिला कळलं होतं. पेंड वेचायला म्हणून ती त्या संध्याकाळी फाटकावर गेली होती, हे मला तेव्हा आठवलं. फुटकी पेटी तिथेच पडलेली होती. तिने जन्मभर मीठ हाताळलं होतं. पांढरा थर ओळखायला तिला सुरतेला जावं लागलं नसणार. सर्वपित्रीच्या मुठीतही मीठ नसणारच, नुसत्या मोहऱ्या आणि मिरच्या.

 मी म्हणालो, "माय, आते दोन साखळ्या शेतस. काहीच व्हवाव नही. मीठ खाय."

तिने भाकरीचा तुकडा मोडला. चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. म्हणाली, "तू तुन्ही साखळी देख. मी मन्हं देखस."

तेवढ्यात लांबून गाडीची चाकं वाजली. मी घास धरून थांबलो. तीही थांबली. वहिनीने चिमटा निखाऱ्यातच ठेवला. खिटी खट्ट वाजली, मग काही नाही, काहीच नाही, आणि मग धप्प.

तेव्हा मायने तो अळणी घास तोंडात घातला.